नाशिकच्या भांडी बाजारातलं मठारलेलं घंगाळ: साडेचार स्टार, अर्धा कुठे गेला तेही सांगतो

आधी पार्किंगचं सांगतो, नाहीतर नंतर शिव्या घालाल. रविवार कारंजाला गाडी लावायच्या भानगडीत पडू नका, टू-व्हीलर असेल तर गोदाघाटावर लावा आणि चालत वर या. भांडी बाजारातली मोठी मोठी चकाचक दुकानं सोडून मागच्या गल्लीत शिरलं की ठोकल्याचा आवाज येतो, त्या आवाजाच्या मागे जायचं. दुकानाला बोर्डच नाहीये, म्हणून नाव लिहीत नाही, मुद्दाम लपवतोय असं काही नाही.

तर झालं असं की आमच्याकडे आजीचं घंगाळ होतं, आंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं मोठं भांडं. २००४ ला पंचवटीतला वाडा सोडून सिडकोत फ्लॅटमध्ये आलो तेव्हा ठेवायला जागा नाही म्हणून आईने ते मोडीत घातलं, किलोच्या भावाने. तेव्हापासून दर दिवाळीला पहिल्या आंघोळीला प्लास्टिकच्या बादलीकडे बघून ती एकदा तरी म्हणणारच, "घंगाळ द्यायला नको होतं बाई." बाबा पेपर वर करतात, मी टॉवेल शोधायला लागतो.

मागच्या वर्षी मी शहाणपणा केला, ऑनलाईन एक तांब्याची बाटली मागवली, 'हँड हॅमर्ड' लिहिलेली, १२९९ रुपये. म्हटलं घंगाळ नाही तर नाही, तांबं तरी येईल घरात. आता मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीत आहे, दिवसभर माप घ्यायचं व्हर्निअर हातात, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की फिरवून बघायची खोडच लागलीय. बाटली फिरवली तर एका खळग्यात बारीकसा ओरखडा, पुढे चौदा खळगे सोडून परत तस्साच ओरखडा, परत चौदा, परत तोच. म्हणजे डायला, साच्याला ओरखडा आहे आणि डायने दाबून काढलेत सगळे खळगे, हातोडी तिच्या जवळपास पण गेलेली नाही. बाटली गळत नाही, पण मला ती बघितली की फसवल्यासारखं वाटतं, बायको म्हणते तू पाणी पी ना गपचूप.

मग यंदा गणपतीनंतर आईलाच घेऊन भांडी बाजारात गेलो. काका सत्तरीचे असतील, जमिनीवर बसलेले, समोर लोखंडी दांडा रोवलेला, त्यावर भांडं पालथं आणि टक टक टक चालू. आईने दुकानात जाऊन काही विचारलंच नाही, एक तयार घंगाळ उचललं आणि बोटाच्या पेराने वाजवून कान लावला. काकांनी हातोडी थांबवली. "बसा ताई," म्हणाले, "हल्ली गिऱ्हाईक फोटो काढतं, वाजवत कोणी नाही." मग त्या दोघांचं जे काही सुरू झालं, जुना वाडा, पूर कुठपर्यंत आला होता, गोदेचा पूर ज्याच्यावरून मोजतात तो दुतोंड्या मारुती किती बुडाला होता, मी अर्धा तास नुसता बसून काम बघत होतो, आणि खरं सांगू तर रिव्ह्यू त्या अर्ध्या तासाचाच आहे.

मला इतकी वर्षं वाटायचं की ते खळगे म्हणजे नक्षी, डेकोरेशन. तसं नाहीये. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून खोलगट करतात, ठोकला की तो कडक होत जातो, अजून ठोकत राहिलं तर तडकतो, म्हणून मधे मधे लाल होईपर्यंत तापवायचा, मग परत नरम. (पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, तांबं बुडवलं तरी नरमच राहतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं पण डोळ्याने पहिल्यांदा बघितलं.) तर आकार तयार झाला तरी भांडं नरमच असतं, जरा धक्का लागला की पोचा. म्हणून शेवटी सगळ्या अंगावर जवळजवळ ठोके मारत यायचं, एकाला एक चिकटून, एक इंच सोडायचा नाही. यालाच मठारणं म्हणतात. त्याने पत्रा कडक होतो. म्हणजे आपण ज्याला सुंदर म्हणून हात फिरवतो ती त्या भांड्याची ताकद आहे. काकांना म्हटलं मला हे शोभेचं वाटायचं, तर म्हणाले, "शोभा कशाची, नाही मठारलं तर पहिल्याच आपटण्यात तुमची आई माझ्याकडे परत येईल."

आणि हातोडी. काम सुरू करायच्या आधी त्यांनी हातोडीचं तोंड घासून घासून आरशासारखं केलं, कारण तिच्यावर ओरखडा असेल तर तो प्रत्येक ठोक्यात उमटणार. माझी बाटली आठवली. त्या डायला असं घासणारं कोणी नव्हतं, एवढाच फरक.

घरी आल्यावर रात्री बाबांना सांगत होतो. बाबा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेत, कामाबद्दल फारसं बोलत नाहीत कधी. पण खिशातून शंभराची नोट काढली आणि म्हणाले, ही बारीक बारीक रेघांची वेलबुट्टी बघ, लोकांना वाटतं नोट छान दिसावी म्हणून आहे, ती नक्कल होऊ नये म्हणून आहे. मग नोट परत खिशात. आमच्याकडे गप्पा अशाच होतात.

आता थोडं विषयांतर, पण डोक्यात आलंय तर लिहून टाकतो. आमच्या कंपनीत मागे एक ट्रेनर आणला होता, 'क्रिएटिव्हिटी अॅट वर्क' म्हणून, आम्ही पंचवीस जण दुपारभर स्ट्रॉचे मनोरे बांधत होतो आणि रंगीत चिठ्ठ्या भिंतीला चिकटवत होतो. समोसा चांगला होता. आणि त्याच वेळी खाली शॉपवर आमचा एक ऑपरेटर, ज्याने भंगारातल्या पाइपचे तुकडे कापून माप तपासायच्या गेजसाठी ट्रे बनवलाय, प्रत्येक गेजचा कप्पा वेगळ्या रंगाचा, दोन सारखे दिसणारे गेज परत कधी उलटसुलट झाले नाहीत, तो मशीनवरच होता, कारण त्याचं नाव लिस्टमध्ये नव्हतं. हाच माणूस खंडेनवमीला मशीनपुढे अशी रांगोळी काढतो की फोर्कलिफ्टवाला वळसा घालून जातो. आम्ही फोटो काढतो, लाइक करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला प्रॉडक्शनचा आकडा विचारतो. मी पण त्यातलाच, उगाच दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू. घंगाळ आल्यावर मी फक्त एवढं केलं की आमचा तपासणीचा कागद, ज्यात सगळे चुकीच्या रकान्यात लिहायचे, तो हाताने परत काढला, पार्टचं छोटं चित्र आणि जिथलं माप तिथेच चौकोन. साहेब म्हणाले कॉम्प्युटरवर का नाही केलं. पण ऑपरेटर भरतायत बरोबर.

असो, घंगाळ. तयार घेतलं नाही, ऑर्डर देऊन करून घेतलं. १४ इंच व्यास, वजन २ किलो ३०० ग्रॅम. पैसे तांब्याचे वेगळे आणि मजुरी वेगळी, दोन्ही मिळून ३७०० गेले. आईने घासाघीस केलीच, तर काका म्हणाले, "तांब्याचा भाव माझ्या हातात नाही आणि मजुरी कमी केली तर हात कमी चालेल." आई गप्प. माझ्या आयुष्यात आई भाव करताना गप्प झालेली मी दोनदाच बघितलीय.

काम कसं आहे तर, मी बसून मोजलं, हसू नका. एका रांगेत ११२ ठोके, रांगा १७, म्हणजे एकोणीसशेच्या आसपास. दोन ठोक्यांमधलं अंतर ९ ते ११ मिलिमीटर, पट्टी नाही, खूण नाही, नजरेने. आमच्या मशीनला हे टॉलरन्स, म्हणजे मापातला एवढा फरक, चालणार नाही पण सत्तर वर्षांच्या हाताने कोणी एवढं देऊन दाखवा. काठ बाहेर वळवून आत तार घातलीय, त्यामुळे हाताला लागत नाही. आणि काठाच्या खाली एक रांग छोट्या हातोडीची, तिरकी, पानांसारखी. ही मी सांगितलेली नव्हती, त्याचे पैसे पण लावले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "एवढं ठोकून झाल्यावर एक रांग आपल्या मनाची."

आता अर्धा स्टार. एक तर पंधरा दिवस सांगून पाच आठवडे लावले, नवरात्रात कळशांच्या ऑर्डरी होत्या म्हणे, फोन केला की "होतंय होतंय". दुसरं, बूड पूर्ण सपाट नाही, फरशीवर ठेवलं की किंचित डुगडुगतं, खाली कापडाची चुंबळ ठेवावी लागते. एका बाजूची कडी दुसरीपेक्षा घट्ट फिरते. बिल वहीच्या फाडलेल्या कागदावर, फोनपे मात्र चालतं. ज्यांना उद्याच्या मुहूर्ताला भेटवस्तू हवीय त्यांनी इथे जाऊच नका, समोरच्या दुकानातून तयार घ्या.

वापराबद्दल दोन गोष्टी. घासायला चिंच-मीठ, तारेची घासणी अजिबात नाही, मठारलेल्या अंगावर ओरखडे फार दिसतात. आणि तांब्याच्या भांड्यात काही आंबट ठेवायचा विचार असेल तर आतून कल्हई पाहिजेच, नुसत्या पाण्याला नको. कल्हई त्याच गल्लीत होते, नवसागराचा पांढरा धूर उठतो तेव्हा दोन पावलं मागे उभे रहा, मी राहिलो नाही, दिवसभर खोकत होतो.

दिवाळीला पहिल्या आंघोळीला गरम पाणी त्यात काढलं. आईने आधी बोटाने वाजवलं, मग पाणी ओतायला दिलं. बादलीचा विषय निघाला नाही. पुढच्या महिन्यात त्याच काकांकडे तांब्या करायला टाकणार आहे, आई म्हणतेय तू एकटा जाऊ नकोस, तुला वाजवता येत नाही.