दहा दिवसांचे मौन की रोजची पहाट?

डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात भरले की मोर्चे, अडवलेले रस्ते आणि घरोघरचे राजकीय वाद एकदमच सुरू होतात. त्यातच कर्जाचा हप्ता तोंडावर असेल तर मन थाऱ्यावर राहत नाही. अशा वेळी नागपूरजवळच्या माहुरझरीच्या धम्म नाग केंद्रातले विपश्यना ध्यानाचे शिबिर हा एक मार्ग आहे. तेथे १० दिवस मोबाइल जमा करून दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्य मौन, म्हणजे बोलणे आणि खाणाखुणाही बंद, पाळावे लागते, पहाटे ४ वाजता घंटा होते, पहिले ३ दिवस केवळ नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा असतो, आणि शुल्क नसल्याने पैशाची चणचण आड येत नाही. मात्र रोजंदारीवर जगणाऱ्याची १० दिवसांची मजुरी बुडते, ही अडचण मला फार मोठी वाटते.

दुसरा मार्ग मोबाइल घरी ठेवून नागपुरातल्या अंबाझरी तलावाकाठी रोज पहाटे अर्धा तास चालण्याचा. त्याने अस्वस्थतेचे मूळ उपटले जात नाही, पण हप्त्याच्या तारखेलाही तो हाताशी असतो. येणी आणि देणी वहीत लिहून मग बाहेर पडलो की छातीवरचे दडपण उतरते, असा माझा अनुभव आहे. म्हणून ज्या घरची चूल रोजच्या कमाईवर पेटते, तेथे मी आधी तलावाची वाट सुचवेन.