‘डॉक्टर हू’: सुरुवात २००५ पासून करा

हरभऱ्याच्या ओलिताला आमच्याकडे लाइन रात्रीच येते. मोटर चालू करून धुऱ्यावर जागत बसायचं. या हिवाळ्यात त्या जागरणात मी ‘डॉक्टर हू’ धरली.

काळात मागेपुढे फिरणाऱ्या, ‘डॉक्टर’ म्हणवणाऱ्या एका परग्रहवासीयाची ही मालिका बीबीसीची, १९६३ची. पहिल्यापासून पाहू म्हणाल तर अडकाल. जुने कितीतरी भाग त्यांनीच पुसून टाकले. १९८९ला बंद पडून ती २००५ला परत आली, तिथून सुरू करा. त्या हंगामाचे १३ भाग, प्रत्येक साधारण पाऊण तासाचा. इंग्रजी भरभर आहे, सबटायटल लावाच.

दुकानात काम करणारी रोझ आपल्यासारखीच नवखी, त्यामुळे डॉक्टर तिला सांगतो ते आपल्यालाही कळत जातं. पुढे डॉक्टरचा चेहराच बदलतो, म्हणजे त्याच भूमिकेत नवा नट येतो, तेव्हा गोंधळू नका. १९६६मध्ये पहिल्या नटाची तब्येत ढासळली, त्यातून निघालेली ही युक्ती. किती सुंदर सुचली!

पोट फुगलेले परग्रहवासी मला रुचले नाहीत. पण नववा-दहावा भाग! युद्धातलं लंडन, बॉम्ब पडताहेत, आणि गॅसमास्क घातलेलं पोरगं अंधारात आईला शोधत फिरतं. पाणी दुसऱ्या सरीत वळवायला उठलो, तर शेजारच्या पराटीत काहीतरी सळसळलं. अंगावर काटाच आला.

पुतण्याला ते दोन भाग मी दिवसाच दाखवले.