ए७ थ्री की ए७ फोर? लग्नाचं काम करणाऱ्यांसाठी

सोनीचा ए७ थ्री हा कॅमेरा फेब्रुवारी २०१८ मध्ये आला, ए७ फोर ऑक्टोबर २०२१ मध्ये. अमेरिकेत पहिल्याची किंमत २००० डॉलर होती, दुसऱ्याची २५०० डॉलर, नुसत्या बॉडीची, म्हणजे लेन्स सोडून. आपल्याकडे आता या तुलनेला वेगळं वळण लागलंय, कारण थ्री बहुतेक जण सेकंडहँड बघतात आणि फोर नवा. म्हणजे फरक नुसता दोन मॉडेलांतला राहत नाही, एका चांगल्या लेन्सएवढा होतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमची कमाई फक्त फोटोंवर असेल तर थ्री घ्या आणि उरलेले पैसे लेन्सला घाला. व्हिडिओचे वेगळे पैसे घेत असाल तर थ्रीच्या नादी लागू नका.

दुकानात पहिल्यांदा ऐकवला जातो तो मेगापिक्सेलचा आकडा, २४ विरुद्ध ३३. ऐकायला मोठा वाटतो. पण फोटोची लांबी ६००० पिक्सेलवरून ७००८ वर जाते, म्हणजे जेमतेम सतरा टक्के वाढ. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी छापला तर थ्रीचा फोटो २० इंच रुंद होतो, फोरचा २३ इंचांच्या थोडा वर. १२ बाय ३६ इंचांचा अल्बम करता ना? त्यात एकच फोटो दोन पानांवर आडवा पसरवला तर थ्री १६७ डीपीआय देतो आणि फोर १९५. शेजारी शेजारी ठेवून, नाक पानाला लावून बघितलं तर फरक दिसेल. पण अल्बम बघणारी नवऱ्या मुलीची मावशी नाक लावत नाही, ती स्वतःचा फोटो शोधत असते.

जास्तीचे पिक्सेल खरे कामाला येतात ते क्रॉप करताना, म्हणजे फोटो कापताना. स्टेजपुढच्या गर्दीत पुढे जाता आलं नाही, अंतरपाट दूर झाल्यावरचा तो एक क्षण लांबूनच टिपला आणि घरी आल्यावर फोटो कापायचा आहे, तर फोर हात देतो. सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणाऱ्या एपीएस-सी मोडवर टाकलं तर थ्रीमध्ये १० मेगापिक्सेल उरतात, फोरमध्ये १४. मात्र त्याची किंमत हार्ड डिस्कवर मोजावी लागते. कॉम्प्रेस्ड रॉ (कॅमेऱ्याची कच्ची मूळ फाइल, दाबून लहान केलेली) थ्रीमध्ये साधारण २५ एमबीचा, फोरमध्ये साधारण ३५ चा. तीन हजार फोटोंचं लग्न म्हटलं तर ७५ जीबीचे १०५ जीबी होतात, आणि बॅकअप धरला तर दुप्पट. फोरमध्ये लॉसलेस कॉम्प्रेस्ड, म्हणजे काहीही न गमावता दाबलेला रॉ आहे, थ्रीमध्ये नाही. पण तो निवडला की सेकंदाला १० फोटोंचा वेग सहा-सातवर येतो. अक्षता उधळताना वेग हवा असेल तर साधा कॉम्प्रेस्डच ठेवा.

कमी उजेडात? जवळपास बरोबरी. दोन्हींचा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १०० ते ५१२००. ६४०० वर काढलेला फोटो एकाच आकारात छापला तर कुठला कुणाचा हे ओळखायला मलाही जमणार नाही. रंगांत मात्र फोर पुढे आहे. हळदीचा पिवळा, त्यावर मांडवाचा केशरी उजेड आणि वरून एलईडी, अशा भेळीत थ्रीचा ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग आपोआप सुधारणारी सोय) चेहऱ्यांवर पिवळट-हिरवट झाक सोडतो. रॉमध्ये काढून लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये नीट करता येतं, पण त्यात वेळ जातो. जेपेग थेट ग्राहकाला देणाऱ्यांनी हा मुद्दा जड धरावा.

फोकसबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे थ्रीला उगाच म्हातारा ठरवलं जातं. त्यात फोकस साधणारे ६९३ फेज डिटेक्शन बिंदू आहेत, फोरमध्ये ७५९. हा फरक विसरून जा. एप्रिल २०१९ मध्ये थ्रीला ३.० फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) मिळालं आणि त्यानंतर शटर अर्धं दाबलं की डोळ्यावर फोकस आपोआप बसतो, वेगळं बटण धरून ठेवावं लागत नाही. सेकंडहँड घेताना फर्मवेअर बघा. जुनं असेल तर आधी अपडेट करून घ्या, नाहीतर कॅमेऱ्याला नाहक नावं ठेवाल. फोरकडे जास्तीचं आहे ते रिअल-टाइम ट्रॅकिंग. वधूने तोंड फिरवलं, मध्ये कुणाचा फेटा आला, तरी तो धागा सोडत नाही. थ्रीमध्ये जुनं लॉक-ऑन आहे, ते अशा वेळी भटकतं. फोटोत हे चालवून घेता येतं, आपण पुन्हा अर्धं शटर दाबतो. व्हिडिओत ती सोय नसते, आणि तिथे थ्रीला डोळा ओळखताच येत नाही. तो फक्त चेहरा धरतो.

आता व्हिडिओकडेच येऊ.

थ्री कॅमेऱ्याच्या आत ८ बिटमध्ये रेकॉर्ड करतो, फोर १० बिट ४:२:२ मध्ये (रंगांची जास्त माहिती साठवणारी पद्धत). ८ बिट म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, १० बिट म्हणजे १०२४. जसा शूट केला तसाच व्हिडिओ द्यायचा असेल तर फरक कळत नाही. पण आजकाल ग्राहकाला सिनेमॅटिक हवं असतं, मग आपण एस-लॉग३ या फिक्या प्रोफाइलमध्ये शूट करून ग्रेडिंग करतो, म्हणजे नंतर रंग चढवतो, आणि थ्रीच्या फाइलमध्ये संध्याकाळच्या आकाशात पट्टे पडायला लागतात. हॉलच्या मागच्या कोऱ्या भिंतीवरही तेच. फोरमध्ये एस-सिनेटोन नावाचं प्रोफाइल आहे. त्यात त्वचेचा रंग इतका बरा येतो की घाईच्या कामाला ग्रेडिंग न करताही चालतं.

दुसरी गोष्ट ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असते. थ्री एका दमात साधारण २९ मिनिटंच रेकॉर्ड करतो, मग थांबतो. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून तुम्ही जेवणाची पंगत टिपायला गेलात आणि इकडे सप्तपदी चालू आहे, असं झालं तर गेलं. फोरला ही मर्यादा नाही. विधी सलग रेकॉर्ड करायचे असतील तर माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही फोर घ्यावा.

थ्रीवरचा एक आरोप मात्र आपल्याकडे फारसा लागू पडत नाही. ४के व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम घेताना तो चित्र १.२ पट कापतो, असं परदेशी रिव्ह्यूमध्ये सतत ऐकाल. आपली वीज ५० हर्ट्झची. दिव्यांची लुकलुक टाळायला आपण २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटरवर शूट करतो, आणि २५ फ्रेमला थ्री सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतो. उलट फोरचा ४के ५० किंवा ६० फ्रेमचा मोड दीडपट कापतो. म्हणजे २४ एमएमची लेन्स ३६ सारखी दिसते, आणि छोट्या हॉलमध्ये मागे सरकायला भिंतच असते.

फोरच्या फाइल संपादनालाही जड आहेत. १० बिट ४:२:२ जुन्या कॉम्प्युटरवर अडखळत चालतं. कॅमेऱ्यासोबत कॉम्प्युटरही बदलावा लागला तर तो खर्च कॅमेऱ्याच्याच खात्यात धरा.

हातात घेतल्यावर दोघं भाऊच वाटतात, ६५० ग्रॅमच्या आसपास. फोरचा स्क्रीन बाजूला उघडतो आणि पूर्ण फिरतो. थ्रीचा फक्त वर-खाली झुकतो. उभ्या रील्स काढताना थ्रीचा स्क्रीन काही कामाचा नाही. फोरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) ३६.८ लाख डॉट, थ्रीमध्ये २३.६ लाख. मेनूला फोरमध्ये बोट लावून चालतं. थ्रीमध्ये टच आहे तो जवळपास फोकस बिंदू हलवण्यापुरता, आणि मेनू म्हणजे जुन्या वाड्यातल्या खोल्या, हवी ती सापडेपर्यंत दुसऱ्या चार उघडतात. कार्डांचे दोन खण दोन्हीत आहेत, पण थ्रीचा दुसरा खण संथ, यूएचएस-वन या जुन्या वेगाचा आहे. दोन्ही कार्डांवर एकदम रॉ लिहायला लावलं तर बफर (फोटो तात्पुरते साठवणारी मेमरी) रिकामा व्हायला वेळ लागतो. लग्नात एकाच कार्डाच्या भरवशावर राहायचं नसतं, त्यामुळे हे टोचतं. फोरसाठी महागडं सीएफएक्सप्रेस कार्ड घ्यायची मात्र गरज नाही, चांगलं एसडी पुरतं.

बॅटरी दोघांची एकच. एका चार्जवर, स्क्रीन वापरून, थ्री ७१० फोटो देतो आणि फोर ५८०, असं सोनीचंच मोजमाप आहे. इथे जुना जिंकतो.

आणि धूळ. फोरमध्ये असं सेटिंग आहे की कॅमेरा बंद केला की शटर मिटतं आणि लेन्स बदलताना सेन्सर झाकलेला राहतो. वरातीच्या धुळीत, हळदीच्या पुडीत, गुलालात काम करणाऱ्याला याचं मोल सांगायला नको. थ्रीमध्ये हे नाही. त्यामुळे वापरलेला थ्री बघताना लेन्सचं छिद्र एफ १६ एवढं लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि डाग बघा. शटर २ लाख क्लिकचं म्हणून सांगितलं जातं, पण आतापर्यंत किती क्लिक झाले तो काउंट मेनूत दिसत नाही, ताज्या फोटोच्या फाइलमधून काढावा लागतो. विकणारा ‘फार वापरलेला नाही’ म्हणतो तेव्हा हे कराच. मुंबईत बोरा बाजारात, कॅमेऱ्यांच्या बाजारात, घेत असाल तर बिल आणि वॉरंटी भारतातली आहे का तेही विचारा, तिथे दोन्ही तऱ्हांचा माल असतो.

काहींना दोन्ही परवडतात: फोर हातात, थ्री दुसरी बॉडी म्हणून. लेन्स त्याच, बॅटरी त्याच, चार्जर तोच. व्हिडिओत रंग जुळवायचे तर थ्रीवर एस-लॉग३ ऐवजी एचएलजी नावाचं प्रोफाइल लावा, ८ बिटला ते जास्त झेपतं. लग्नाच्या सकाळी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं मिनिट-सेकंद एक करून घ्या. नाहीतर फाइल एकत्र लावताना कन्यादानाआधीच वरात निघते.