भाच्यानं आणलेली नवाहो सतरंजी, कोष्ट्याच्या नजरेतून

भाचा अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात असतो. दिवाळीत आंधळगावला आला तेव्हा बॅगेतून एक गुंडाळी काढली. "मामाजी, तुमच्या धंद्यातलं जुनं काम आणलं." पावतीवर लिहिलं होतं : नवाहो, गनाडो, साधारण 1920 ते 30. नवाहो म्हणजे तिकडचे मूळ रहिवासी, गनाडो हे अ‍ॅरिझोनातलं त्यांच्या भागातलं गाव. पाच फूट बाय तीन. लाल जमीन, करड्या-काळ्या-पांढऱ्या पायऱ्यांचे चौकट, भोवती काळा काठ. किंमत विचारली तर हसून म्हणाला, आजीला सांगू नका.

आईनं हात फिरवला. "हे घोंगडं एवढं जड काऊन हाय गा?"

जड असणारच. बाणा म्हणजे आडवा धागा लोकरीचा, ताणा म्हणजे उभा धागाही लोकरीचा, आणि बाणा इतका ठोकलेला की ताणा कुठंच दिसत नाही. भिंग लावून मोजलं, इंचाला तीसेक धागे.

मी आधी टोकं पाहिली. आपल्याकडच्या सतरंजीचा ताणा शेवटी कापतात, झालर राहते. इथं झालरच नाही. नवाहोंचा माग उभा आणि ताणा एकाच सलग धाग्याचा, वरखाली फिरवून लावलेला. मग कापणार काय? पण त्यानं शेवटी पंचाईत होते. विणत वर गेलं की हात घालायला जागा उरत नाही, शेवटच्या ओळी सुईनं भराव्या लागतात. या सतरंजीत एका टोकापासून चार बोटांवर ती जागा सापडली. विण किंचित सैल, काळ्या पायरीचा कोपरा चेपलेला. त्यांच्यात माग बहुतेक बायकाच चालवतात. त्या बाईनं तिथं किती शिव्या घातल्या असतील ते मला कळतं.

उजेडाकडे धरली तर लाल भागात तिरक्या बारीक रेघा दिसतात. मला वाटलं, उंदरानं कुरतडली. तसं नाही. आपण धोटा, म्हणजे बाण्याची नळी घातलेली होडी, या काठापासून त्या काठापर्यंत फेकतो. करवतीत, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या काठाच्या आमच्या कोशाच्या (टसर रेशमाच्या) साडीत, तर तीन धोटे : दोन काठांचे, एक अंगाचा. दर फेरीला काठाचा धागा कोशाच्या धाग्यात गुंतवायचा, तेव्हा कुठं करवतीचे दात उठतात. नवाहो बाई धोटा वापरतच नाही. समोर जेवढं हाताशी आहे तेवढा तुकडा वर चढवते, मग सरकून शेजारचा. दोन तुकड्यांचा सांधा म्हणजे ती रेघ. नकली मालात सहसा ही रेघ नसते. नकली माल आपल्याच मिर्झापूर-भदोहीकडूनही जातो, हे ऐकून हसू आलं.

काठातून एक करडा धागा थेट बाहेरच्या कडेपर्यंत गेलाय. चूक नाही ती. चारी बाजूंनी काठ घातला की विणणारीचं मन आत अडकतं, म्हणून वाट ठेवतात. सगळ्याच जणी ठेवत नाहीत म्हणे.

लाल रंगाची गोष्ट मात्र ओळखीची निघाली. गनाडोत हबेल नावाच्या व्यापाऱ्यानं 1878 च्या सुमारास दुकान टाकलं. त्याला गडद लाल हवा, म्हणून त्या भागात लाल. नमुन्यांची चित्रं काढून दुकानाच्या भिंतीवर टांगली होती, बायकांनी बघून विणावं म्हणून. थोडं पुढं न्यू मेक्सिकोत टू ग्रे हिल्सला गेलं की लाल गायब, नुसत्या मेंढीच्या अंगचे रंग : तपकिरी, करडा, पांढरा. आमच्याकडंही यंदा काठ कोणता हे नागपूरचा व्यापारीच सांगतो. पण त्या बायांच्या आधीच्या पिढीला 1864 मध्ये अमेरिकी सैन्यानं घरादारातून हाकलून शेकडो मैल चालवत नेलं होतं, 1868 मध्ये परत सोडलं. मेंढ्या पुन्हा जमवून त्यांनी माग उभे केले. आमच्यावर तशी वेळ आली नाही.

आता तक्रार. ताईनं कोपऱ्यावरचा चहाचा डाग ओल्या फडक्यानं पुसला. लाल रंग पांढऱ्यात उतरला, तळहाताएवढा गुलाबी ठिपका. तेव्हाचा बाजारी पुडीचा रंग, पक्का नाही. विकणाऱ्यानं पावतीवर पाणी लावू नका एवढं तरी लिहायचं होतं. शिवाय आपल्या पावसाळ्यात लोकरीला कसर लागते. मी कडुनिंबाचा पाला घालून सुती लुगड्यात गुंडाळलीय, दर पंधरवड्याला उन्हात नाही, सावलीत झटकतो.

पाचपैकी चार. एक गुण रंगाचा कापला, विणीचा नाही.

बाजूच्या कडेची पिळाची दोरी एके ठिकाणी झिजलीय. भाच्याला सांगितलं, पुढच्या खेपेला तिकडच्या मेंढीच्या काळ्या लोकरीची एक लडी आण. दुरुस्ती मी करतो.