टेक्ससमध्ये ५० गोळ्या, न्यूयॉर्कमध्ये ५

डॅलसच्या उपनगरात नुकतंच घर घेतलेल्या मित्राचा फोन आला. "इथे पिस्तूल लपवून बाळगायला परवाना लागतच नाही म्हणे. मग कोर्सपायी शनिवार कशाला घालवू?" प्रश्न रास्त आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये २१ वर्षांवरच्या माणसाला, कायद्याने बंदी नसेल तर, विनापरवाना पिस्तूल बाळगता येतं. तरी परवाना मिळणं बंद झालेलं नाही. त्याला तिथे एलटीसी, म्हणजे 'लायसन्स टु कॅरी' म्हणतात.

तुम्ही एच-वन-बीवर असाल तर मात्र पुढचं वाचायची फारशी गरज नाही. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर केंद्रीय कायदा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगू देत नाही. ग्रीन कार्ड आलं की ही आडकाठी जाते.

प्रशिक्षणाच्या बाबतीत प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. पेनसिल्व्हेनियात शून्य तास. २० डॉलर भरा, पार्श्वभूमीची तपासणी होऊ द्या, पाच वर्षांचा परवाना घ्या. पिस्तूल कधी हातात धरलंय का, हे कोणी विचारत नाही. नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलात की त्या परवान्याला काडीची किंमत नाही, आणि पिस्तूल अंगावर सापडलं तर गंभीर गुन्हा. एडिसनला नातेवाईक असलेल्या फिलाडेल्फियाकरांनी हे विसरू नये.

इलिनॉयमध्ये १६ तास. त्यात राज्याचे आणि केंद्राचे कायदे, साठवण, वाहतूक, साफसफाई सगळं येतं. शेवटी ३० गोळ्या: ५, ७ आणि १० यार्डांवरून दहा-दहा, त्यातल्या २१ निशाण्यावर लागल्या की पास. पाच वर्षांनी नूतनीकरणाला आणखी ३ तास.

न्यूयॉर्कची गंमत न्यारी. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये तिथली 'खास कारण दाखवा' ही अट रद्द केली, तेव्हा राज्याने सप्टेंबरपासून प्रशिक्षणच वाढवलं: वर्गात १६ तास, रेंजवर २ तास, लेखी परीक्षेत ८० टक्के. इतकं सगळं केल्यावर नेमबाजीची किमान चाचणी किती? ४ यार्डांवरून ५ गोळ्या, ४ लागल्या की झालं.

टेक्ससचा एलटीसी कोर्स ४ ते ६ तासांचा, पण गोळ्या ५०. तीन यार्डांवरून २०, सातवरून २०, पंधरावरून १०; २५० पैकी १७५ गुण हवेत. तीन यार्ड म्हणजे आपल्या हॉलमधल्या सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचं अंतर. सोपं वाटतं, पण सुरुवातीच्या गोळ्यांना प्रत्येकी दोनच सेकंद मिळतात आणि शेजारच्या लेनमधून कानठळ्या बसत असतात. मी डावा अंगठा स्लाइडच्या, म्हणजे गोळी सुटताच झटक्याने मागे येणाऱ्या वरच्या भागाच्या, मागे ठेवला आणि तिने असा चावा घेतला की पुढच्या गोळ्या रुमाल गुंडाळून झाडल्या. घरी बसून व्हिडिओ बघून हे कळलं नसतं. वर्गाचा भाग ऑनलाइन करायची सोय आहे, पण जमत असेल तर प्रत्यक्ष बसा. शंका विचारणारा एखादा तरी निघतोच.

तासांच्या आकड्यावरून कोर्सचा दर्जा ठरवू नका. निशाणा पुढेही सुधारता येतो. पिस्तूल कुठे नेलं तर तुरुंग, हे एकदाच नीट कळावं लागतं. टेक्ससमध्ये ते दारावरच्या पाट्यांवरून कळतं. पाट्यांवरचे आकडे कायद्याच्या कलमांचे. ३०.०६ ची पाटी परवानाधारकाला लपवलेल्या पिस्तुलासह आत येऊ देत नाही, ३०.०५ ची पाटी विनापरवाना बाळगणाऱ्याला अडवते, परवानाधारकाला तिच्यापासून बचाव मिळतो. पाटी इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, अक्षरं किमान एक इंच उंच. बारबाहेर लाल '५१%' दिसलं तर परवाना असो वा नसो, पिस्तूल नाही.

आणि शाळा. केंद्रीय कायद्यानुसार शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल घेऊन फिरणं गुन्हा आहे. खासगी जागा आणि त्याच राज्याचा परवाना असलेली माणसं त्यातून वगळली आहेत. म्हणजे टेक्ससने विनापरवाना मुभा दिली, तरी मुलांना सोडायला जाताना शाळेसमोरच्या रस्त्यावर ती मुभा कामाची नाही. परवाना असला तरी इमारतीच्या आत पिस्तूल नेता येत नाही, हे वेगळं.

मित्राला मी एवढंच विचारलं, शाळा घरापासून किती लांब? म्हणाला, बाल्कनीतून घंटा ऐकू येते. परवान्याची सरकारी फी ४० डॉलर आहे. कोर्सला ५० गोळ्या लागतात, तू थोड्या जास्तच घेऊन जा, आणि अंगठा पुढे ठेव.