ड्रायर बंदच होईना – मुलुंडच्या रिपेअरवाल्या काकांचा रिव्ह्यू

वॉशिंग मशीनवाले मुंबईत गल्लोगल्ली मिळतात पण ड्रायर म्हटलं की सगळे "वो नहीं करते मॅडम" म्हणून फोन ठेवतात, म्हणून हा रिव्ह्यू.

आमचा भिंतीवर लावायचा वेंटेड (कपड्यांतली दमट हवा बाहेर फेकणारा) ड्रायर आहे. ऑटो मोडला, म्हणजे कपडे सुकले की आपोआप बंद व्हायच्या सेटिंगला, लावला की थांबायचाच नाही. टॉवेल कडक पापड झाले तरी ड्रम आपला फिरतोय, शेवटी कोणीतरी उठून बटण दाबायचं. कंपनीच्या माणसाने पॅनलही न उघडता आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलाय सांगितलं, आणि बोर्डाचा भाव ऐकून आई म्हणाली, त्यापेक्षा हॉलमध्ये दोरी बांधते.

मग सोसायटीतून या काकांचा नंबर मिळाला. फोनवरच त्यांनी विचारलं, "कपडे वाळून पण चालतोय, का ओले राहतात म्हणून चालतोय?" ओले राहत असतील तर जाळी नाहीतर पाइप चोंदलाय, नाहीतर हीटर नीट तापत नाही, आणि पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून चालवला तर तो बाहेर टाकलेली दमट हवाच परत ओढतो, मग कपडे वाळणार कुठून आणि तो थांबणार कधी. आमचे वाळत होते. मग विचारलं टायमर मोडला बंद होतो का, तर होत होता. म्हणजे रिले (बोर्डावरचा चालू-बंद करणारा स्विच) चिकटलेला नाही, बोर्डाला बंद करता येतंय, फक्त कपडे सुकले हे त्याला कळत नाहीये. एवढं फोनवर!

ड्रमच्या आत दोन बारीक स्टीलच्या पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यातून किंचित करंट जातो, सुका टेकला की जात नाही, त्यावरून मशीन ठरवतं. यूट्यूबवर सगळे पट्ट्या व्हिनेगरने पुसायला सांगतात. काका म्हणाले, पुसा हो, पण सॉफ्टनरचा थर बसला की करंट अडतो आणि मशीन उलट लवकर थांबतं, कपडे ओले असताना. तुमची केस बरोब्बर उलटी आहे.

प्लग काढून पॅनल खोललं आणि पट्ट्यांच्या वायरींचा कनेक्टर दाखवला. आत दमट लिंट (कपड्यांचे बारीक तंतू) ठासून भरलेलं, पिनांवर हिरवट गंज. ड्रम रिकामा असूनही काकांनी लावलेला मीटर रीडिंग दाखवत होता, म्हणजे करंट तिथल्या तिथेच पार होत होता आणि बोर्डाला वाटतंय कपडे अजून ओलेच. जुना कनेक्टर कापला, नवीन पिना क्रिंप केल्या (वायरवर दाबून बसवल्या), आतलं सगळं लिंट ब्रशने काढलं (हे पेट घेतं, साठू देऊ नका म्हणाले). मग ओले कपडे घालून ऑटोला लावला आणि आपोआप बंद होईपर्यंत चहा घेत बसले. हे मला फार आवडलं, नाहीतर लोक पैसे घेऊन निघतात. जाताना दार उघडून ड्रम थांबतो का तेही बघितलं, नाही थांबला तर दाराचा स्विच गेला, मग वापरायचाच नाही म्हणाले.

आता तक्रारी. सकाळी येतो म्हणजे दुपार धरा. बिल वहीच्या कागदावर, गॅरंटी तोंडी. पण पैसे बोर्डाच्या मानाने किरकोळच. नंबर इथे टाकत नाही, काकांनीच नको सांगितलंय, जून ते सप्टेंबर त्यांचा फोन आधीच थांबत नाही. मुलुंड पूर्वेला राहत असाल तर मेसेज करा, त्यांना विचारून देते. चार स्टार, एक त्या वेळेसाठी कापला.