चेनसॉ तेल गाळतोय: चालवून घ्यायचं, स्वतः उघडायचं की मेकॅनिककडे द्यायचं?

रात्री पुसून ठेवलेला चेनसॉ सकाळी तेलाच्या थारोळ्यात बसलेला दिसला की पहिला संशय पंपावर जातो. पंप गेला, आता खर्च आला. पंप गेलेला असू शकतो, नाही असं नाही; पण संशयितांच्या रांगेत त्याचा नंबर बराच मागे लागतो. त्याच्या आधी झाकणाची रिंग, तेलाची नळी, हवेची झडप, बारमागे (ज्या लांब पट्टीवर चेन फिरते तिच्या मागे) साचलेला भुसा आणि टाकीत ओतलेलं तेल हे सगळे उभे असतात.

हातात पर्याय तीन. त्यातला कोणता घ्यायचा हे ठरवताना किती तेल गळतं यापेक्षा कुठून आणि कधी गळतं हे बघा. रात्रभरात वाटीभर तेल गेलं तरी दुरुस्ती दहा मिनिटांची असू शकते, आणि उलट, चमचाभर पाझरासाठी अख्खा क्लच, म्हणजे इंजिन चेनला जोडणारा भाग, उतरवावा लागू शकतो.

मुळात हे तेल इंजिन ऑइलसारखं फिरून परत येत नाही. पंप ते टाकीतून ओढतो, बारच्या भोकातून खाचेत सोडतो, चेन ते टोकापर्यंत नेते आणि पुढे ते लाकडावर नि भुशावर उडून जातं. काम थांबलं तरी बारच्या खाचेत, चेनच्या कड्यांत आणि कव्हरखालच्या ओल्या भुशात तेल उरलेलंच असतं. ते रात्रभर निथळतं. त्याला गळती म्हणू नका.

आधी एक रात्र पुठ्ठ्यावर

कुठलाही निर्णय घेण्याआधी एवढं करा. पेट्रोलवरचा असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढा, बॅटरीवरचा असेल तर बॅटरी. कव्हर, बार, चेन उतरवा. सगळीकडचा भुसा ब्रशने झाडा, तेलकट भाग पुसून कोरडा करा, तेलाची टाकी भरा आणि यंत्र स्वच्छ पुठ्ठ्यावर नेहमीसारखं ठेवून द्या. पुठ्ठ्यावर यंत्राची कडा पेन्सिलने आखून घ्या, म्हणजे सकाळी डाग नेमका कशाखाली आहे ते कळेल.

पुठ्ठा कोरडा राहिला तर समजा, आधी दिसत होतं ते बार-चेनवरून निथळलेलं तेल होतं. डाग झाकणाखाली असेल तर रिंग किंवा आटे. बार बसतो त्या बाजूला तेलाच्या भोकातून ओघळ असेल तर टाकीतला दाब, पातळ तेल किंवा पंपाकडचा पाझर. क्लचच्या मागून येत असेल तर नळी किंवा पंपाचं सील. डाग पसरट असेल आणि उगम सापडत नसेल, तर परत पुसून त्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरा. पहिला ओला ठिपका पांढऱ्यावर लगेच उठून दिसतो.

चालवून घेणं

हा पर्याय आळशीपणाचा वाटतो, पण बऱ्याचदा तोच शहाणपणाचा असतो. काम झाल्यावर टाकी गरम असते, आतली हवा फुगलेली असते. बऱ्याच यंत्रांत टाकीची झडप हवा आत घेते, बाहेर सोडत नाही. मग तो दाब तेलाला पंपातूनच हळूहळू बाहेर ढकलतो. दुपारच्या उन्हात ठेवलेला चेनसॉ जास्त का गळतो, याचं उत्तर हेच. यंत्र निवलं की तेलाचं झाकण जरा सैल करून दाब जाऊ द्या आणि परत घट्ट लावा. बरेच दिवस ठेवायचं असेल तर टाकी रिकामीच करा. बॅटरीवरच्या आणि विजेवरच्या कित्येक चेनसॉंत तर पंप बंद असतानाही तेलाची वाट पूर्ण बंद होत नाही, तिथे झगडण्यात अर्थ नाही. रिकामी टाकी हाच इलाज.

आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं चालू पण चेन थांबलेली असताना, बारकडून तेल येत असेल तर आधी आपल्या यंत्राची रचना बघा. काहींत पंप क्लचच्या ड्रमवर चालतो, चेन थांबली की तोही थांबतो. काहींत तो थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्यावर असतो, इंजिन चालू आहे तोवर तेल ढकलतच राहतो. दुसऱ्या प्रकारात आयडलवर येणारं तेल हा बिघाड नव्हेच. तेल कमी-जास्त करायचा स्क्रू असेल आणि तो पूर्ण उघडा असेल, तर आखूड बारला एवढं तेल लागत नाही, कमी करा. अंदाज सोपा ठेवा: पेट्रोलची टाकी संपेपर्यंत तेलाची बरीचशी संपायला हवी, पण तेल आधी संपता कामा नये.

तेल बदलून बघणं हेही यातच आलं. पातळ तेल भोकातून सहज वाहतं, चेनवरून लवकर उडतं. बार ऑइलमध्ये चिकटपणा वाढवणारं द्रव्य घातलेलं असतं, म्हणून ते चेनला धरून राहतं. उन्हाळ्यात जरा जाड, थंडीत जरा पातळ, एवढं पथ्य पुरे. वनस्पतीजन्य तेल मातीसाठी चांगलं, पण यंत्र महिनोन् महिने पडून राहणार असेल तर ते आत घट्ट होऊन पंप जाम करतं. आणि गाडीतून काढलेलं जळकं ऑइल कधीच नको: त्यात धातूचा कीस असतो, पंप खरवडला जातो, आणि ते तुषार बनून तुमच्याच अंगावर येतं.

स्वतः उघडणं

झाकणाची रिंग, तेलाची नळी, हवेची झडप. माझ्या मते घरी करायची हद्द इथपर्यंत.

रिंग चपटी झाली, चिरली किंवा कडक झाली की बदलायची. बदलण्याआधी तिची बैठक मात्र नखाने चाचपून बघा. मी एकदा हे केलं नाही. तेल क्लचच्या बाजूला दिसत होतं म्हणून सरळ पंपच बदलला, अर्धा दिवस घालवला, आणि दुसऱ्या सकाळी डाग तिथेच. शेवटी झाकण उघडून रिंगखाली बोट फिरवलं तर भाताच्या शितापेक्षाही बारीक लाकडाची ढलपी निघाली. तेल तिथून निघून बॉडीच्या खालून वाहत जात क्लचखाली टपकत होतं. तेल टपकतं तिथूनच ते निघतं असं नाही, हे त्या ढलपीने शिकवलं.

नळी रबरी असते. वयाने कडक होते आणि टाकीत शिरते त्या वळणावर तडकते. ती वाकवून बघितल्याशिवाय तडा दिसत नाही. झडप काहींत बॉडीत बसवलेली बारीक बुचासारखी असते, काहींत झाकणातच. ती उघडी अडकली की तिथूनच तेल पाझरतं, बुजली की टाकीत हवा जात नाही आणि चेन कोरडी पडते.

इथे एक फसवी गळती सांगायलाच हवी, कारण खरं नुकसान तीच करते. बार बसतो तिथली तेलाची वाट किंवा बारचं भोक भुशाने बुजलं, अथवा भोक न जुळणारा बार लावला, तर तेल खाचेत न जाता कव्हरखालून बाहेर वाहतं. बघणाऱ्याला वाटतं तेल जास्त येतंय. प्रत्यक्षात चेन कोरडी असते, बार निळसर पडू लागतो. तारेने भोक साफ करा, खाच खरवडा, बार, चेन नि कव्हर परत बसवा. मग टोक फिकट पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर, कशालाही न टेकवता धरून इंजिन वाढवा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली तर वाट मोकळी आहे.

मेकॅनिककडे देणं

बार उतरवलेला असताना भोकातून सतत ओघळ येतोय, झाकण सैल करून दाब सोडला तरी थांबत नाही, तेलही योग्य जाडीचं आहे, किंवा पाझर क्लचमागून येतोय आणि नळी धड आहे. मग पंप किंवा त्याचं सील. तिथे पोचायला क्लच काढावा लागतो, आणि तो बहुतेक यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो. सवयीने डावीकडे फिरवणारा माणूस तो आणखी आवळत जातो. इंजिन अडवण्यासाठी प्लगच्या भोकातून दोरी भरावी लागते. योग्य पाना आणि हे आधी केल्याचा अनुभव असेल तर जरूर करा. नसेल तर द्या, पण पुठ्ठ्याचा डाग सोबत न्या. नुसतं 'गळतंय' म्हणून दिलं की पंपच बदलून मिळायची शक्यता जास्त.

टाकीच्याच बॉडीला तडा असेल तर गोष्ट वेगळी. कंपनाखाली राहणाऱ्या तेलकट जागेवर चिकटवलेलं फार टिकत नाही, आणि बॉडी बदलायची म्हणजे जवळजवळ सगळं यंत्र सुटं करायचं. यंत्र जुनं असेल तर मी तिथे थांबेन: बार, चेन नि सुटे भाग काढून ठेवेन आणि दुसरं यंत्र बघेन.